बावन्नपैकी बावन्न

वॉर्डात मला सगळ्या जणी परीक्षाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान तिखट आहेत. खरा हुद्दा एवढा लांबलचक आहे की तो मलाही धड पाठ नाही. काम मात्र साधं. बाईला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचं आणि तेरा प्रश्न विचारायचे. काय झालं होतं ते समजलं का? कोणती गोळी कशासाठी, कधी, किती? काय दिसलं तर धावत यायचं? पुन्हा कधी दाखवायचं? प्रत्येक उत्तराला चारपैकी मार्क, एकूण बावन्न. त्या कागदाला आम्ही समज-पत्रक म्हणतो.

नोकरीला लागले तेव्हा दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी एकच गोष्ट दहा वेळा घोकून घेतली होती. पेशंट 'समजलं' म्हणाला की तिथं थांबायचं नाही, 'आता तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणायचं. पहिला महिनाभर मी म्हटलं. एकेका खाटेला पाऊण तास लागायचा. माणसं आपल्या शब्दांत सांगायला लागली की गुडघ्यापासून जावयापर्यंत सगळं सांगतात, आणि मला दिवसाला नऊ खाटा उरकायच्या असायच्या. मग मी ते वाक्य सोडून दिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याऐवजी मी एक विनोद करायचे. बायका घाबरलेल्या असतात, हातापायाला घाम सुटलेला असतो, तर जरा हसवावं म्हणून. स्टुलावर बसलं की म्हणायचं, "काय काकू, तयारी झाली का? नापास झालात तर घरी सोडणार नाही हं!" सगळ्या हसायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

आमच्या वॉर्डाची सरासरी अठ्ठेचाळीसच्या खाली कधी उतरली नाही. लिफ्टजवळच्या फळ्यावर दर महिन्याला आकडे लागतात, त्यात आम्ही वर. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा ती टकटक ऐकली तेव्हा मी सात नंबरच्या खाटेशी बसले होते. खाटेवर एक गोलमटोल बाई, कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करणारी, चार दिवसांपूर्वीच दाखल झालेली. मी गोळीचा प्रश्न विचारला. तिनं डोळे मिटले, मधलं बोट उचललं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं. टक.

"एक दिवस अर्धी, एक दिवस अख्खी." टक. "रक्त तपासायला महिन्यानं." टक. मग डोळे उघडून ती हसली आणि म्हणाली, "टाका चुकला तर उसवता येतो बाई, गोळी चुकली तर नाही."

हे वाक्य मी आयुष्यात एकाच बाईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ती बाई जाऊन दोन महिने झाले होते.

तिला आम्ही शिवणकाकू म्हणायचो. साठीच्या, हाडकुळ्या, घरी मशीन टाकून गल्लीभराचे कपडे शिवणाऱ्या. चौदा नंबरची खाट. हृदयातली एक झडप बदललेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान, शिवताना सुई बोचू नये म्हणून घालतात ते. ऑपरेशनपुरतं काढून घेतलं, तर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाण्याआधी तेच मागितलं. बोलताना त्या ते दांडीवर वाजवायच्या, एका वाक्याला एक टक.

शेजारी तेरा नंबरला एक आजी होत्या, कानांनी ठार बहिऱ्या. त्यांनाही तीच रक्त पातळ करणारी गोळी. त्यांना समजावताना माझा घसा बसला होता. चार दिवस मी त्यांच्या कानाशी ओरडत होते, "एक दिवस अर्धी! एक दिवस अख्खी! रक्त तपासायला महिन्यानं!" आजी हसून म्हणायच्या, "जेवले मी." पुन्हा ओरडायचं. शेवटी त्यांच्या डोक्यात एकदाचं ते शिरलं, आणि मला वाटलं, गड जिंकला.

पाचव्या दिवशी मी चौदा नंबरकडे वळले. शिवणकाकू ताठ बसल्या होत्या, केस चापूनचोपून बांधलेले. मी विचारायच्या आत उत्तर यायचं. टक, टक, टक. एक दिवस अर्धी, एक दिवस अख्खी. रक्त तपासायला महिन्यानं. आणि शेवटी ते टाक्याचं वाक्य. मी तर खूश झाले. बावन्नपैकी बावन्न. असा पेपर मी तोवर कुणाचाच तपासला नव्हता. कागदाची एक प्रत घरी द्यायची असते, ती मी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती छातीशी धरली.

त्यांचं कार्ड खाटेच्या पायथ्याशी लटकत होतं. त्यावर लिहिलं होतं, रोज अर्धी; रक्ततपासणी आठव्या दिवशी. ते वाचायला मला स्टुलावरून उठून दोन पावलं टाकावी लागली असती. मी उठले नाही. चार दिवस मीच ओरडत होते ते उत्तर पुन्हा कानावर पडलं, आणि कानाला ते ओळखीचं वाटलं. तेवढं पुरलं मला.

घरी गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्या शिवता शिवता मशीनवरच कोसळल्या. डोक्यात रक्तस्राव. इथं आणेपर्यंत संपलं होतं. चौकशी झाली, पाव तास चालली. टेबलावर माझा कागद ठेवला होता. 'पेशंटला पूर्ण माहिती होती' असा शेरा मारून त्यांनी फाइल मिटली आणि मला उलट शाबासकी दिली, नोंद इतकी चोख ठेवली म्हणून. मी संध्याकाळी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ते कार्ड काढून बघितलं. मग परत जागेवर ठेवलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता सात नंबरची ती इस्त्रीवाली माझ्याकडे बघत होती. मी उठले. दोन पावलं टाकली. तिचं कार्ड बघितलं. तिला रोज एक गोळी होती, एकाआड एक वगैरे काही नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हीच की," ती म्हणाली. "हेच उत्तर बरोबर ना?"

मी तिला नीट समजावलं, मार्क न देता उठले आणि संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबत नाही.

त्यानंतर ती टकटक वॉर्डभर पसरली. कधी नऊ नंबरला, कधी दोनला. कुणी अंगठीनं वाजवायची, कुणी नखानं. एक कॉलेजातली पोरगी, झडप वगैरे काही नाही, नुसती धडधड होते म्हणून ठेवलेली, तीही टक करून म्हणाली, "टाका चुकला तर उसवता येतो बाई." शिवणकाकूंना तिनं पाहिलंही नव्हतं. मी प्रत्येक वेळी उठून कार्ड बघायला लागले. तीन महिन्यांत सहा जणींचं उत्तर कार्डाशी जुळलं नाही. सहाही जणींची मान, 'समजलं' म्हणताना, अगदी बरोबर हलत होती.

मार्क घसरले. फळ्यावर आम्ही चौथे आलो. मोठ्या सिस्टरनी विचारलं, "काय हो, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. माझ्या घरात मी आणि एक घड्याळ, दोघंच. त्या घड्याळाची टकटक सहन होईना म्हणून मी त्याचा सेल काढून ठेवला होता.

शेवटी वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी मला एकदा जिन्यात गाठलं. "दुपारी दोनला वर या," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली डबा खायला जाता ना, तेव्हा."

"का? काय असतं?"

"या तर खरं. माझ्या सांगण्यानं नाही पटायचं."

दोन ते तीन विश्रांतीची वेळ. पडदे ओढलेले, दिवे बंद, नर्सा त्यांच्या खोलीत. चौदा नंबर रिकामी होती, भोवतीचा पडदा पूर्ण सरकवलेला. मी चपला हातात घेऊन आत शिरले आणि त्या कोऱ्या चादरीवर बसले. दांडीला हात लावायचं धाडस झालं नाही.

थोडा वेळ नुसता श्वासांचा आवाज. मग पलीकडून टक झालं. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून टक. आणि मग माझा आवाज आला.

माझाच. तोच हेल, तेच घाईत शब्द गिळणं. पाच नंबरची बाई माझी नक्कल करत होती. ती शिवणकाकूंच्या वेळी इथं होती आणि आता दुसऱ्यांदा दाखल झाली होती. "काय काकू, तयारी झाली का?" ती म्हणाली. "नापास झालात तर घरी सोडणार नाही हं!"

कुणीही हसलं नाही.

"गोळी कशी घ्यायची?" पुन्हा माझा आवाज. आणि अंधारात सात-आठ बायका एका सुरात पुटपुटल्या, सकाळी शाळेत पाढे म्हणतात तशा. टक. "एक दिवस अर्धी, एक दिवस अख्खी." टक. "रक्त तपासायला महिन्यानं." टक. टाक्याचं वाक्य सगळ्यांनी मिळून म्हटलं.

एक नवीन आवाज मध्येच अडखळला. तरुण होता. "माझ्या कार्डावर काहीतरी वेगळंच आहे वाटतं."

"कार्डाचं सोड," पाच नंबर म्हणाली. "याच उत्तराला शिवणकाकूंना पैकीच्या पैकी मिळाले. दुसऱ्याच दिवशी घरी गेल्या. जाताना सगळ्यांना शिकवून गेल्या."

"पण मी चुकले तर? खरंच ठेवून घेतात का हो? घरी माझं बाळ आहे तीन महिन्यांचं. मला ठेवून घेतलं तर त्याला कोण..." आणि ती रडायला लागली. दुसरी कुणीतरी तिला गप्प करत होती. "रड नको ग. घोक. अजून वेळ आहे."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो शिवणकाकूंमुळे नव्हता. काकू बिचाऱ्या कुणाला झपाटत नव्हत्या. त्या बायकांच्या डोक्यावर मी बसले होते. माझा विनोद, माझा हेल, माझा तो कागद. पाच वर्षं मी स्टुलावर बसून त्यांना काय समजलं ते मोजत होते, आणि त्यांना एवढंच समजलं होतं की या बाईला खूश केल्याशिवाय सुटका नाही.

मी पडदा सरकवला. पुटपुट बंद झाली. आठ जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले होते. मला बोलायचं होतं. "कुणालाही ठेवून घेत नाहीत," एवढं मी म्हणाले, "ती थट्टा होती." त्या रडणाऱ्या पोरीनं डोळे पुसले आणि घाईघाईनं मान हलवली. समजलं, समजलं.

खाली माझ्या टेबलासमोर एक मुलगी बसली होती. पंचविशीची. मला बघून उभी राहिली, आणि तिचा हात टेबलावर टेकला तेव्हा टक वाजलं. तिच्या मधल्या बोटात ते पितळी अंगुस्तान होतं.

"मी चौदा नंबरच्या... आई इथं होती माझी. शिवणकाम करायची," ती म्हणाली. "आता मशीन मीच चालवते. बाई, तिचा तो बावन्न मार्कांचा कागद होता ना, त्याची आणखी एक प्रत मिळेल का?"

"तुमच्याकडे होती ना एक?"

"दादानं नेली. आईनं ती मशीनच्या वरच भिंतीला चिकटवली होती. येईल त्याला दाखवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, बाई. कुणाला कळू द्यायची नाही, मापंसुद्धा दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदा कसली परीक्षा दिली आणि पैकीच्या पैकी. गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते."

ती अंगुस्तान बोटावर फिरवत राहिली.

"दादा पाच महिने माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "तो म्हणतो, आईला सगळं पाठ होतं, कागदच सांगतोय. मग गेली कशी? गोळ्यांची डबी मी भरायचे. म्हणजे मीच चुकीची भरली."

"तुम्ही कशी भरायचात?"

"आई सांगायची तशी. एक दिवस अर्धी, एक दिवस अख्खी." तिनं माझ्याकडे बघितलं. "पण पाकिटावर 'रोज अर्धी' असं होतं. मी वाचलं होतं, बाई. पहिल्याच दिवशी वाचलं होतं. म्हटलं, आई, इथं वेगळं लिहिलंय. तर म्हणाली, लिहिणाऱ्याचं चुकलं असेल, मला बाईंनी स्वतः विचारून बरोबर म्हटलंय. मग मी गप्प बसले. पहिल्यांदा पास झालेल्या माणसाला चूक कसं म्हणायचं? आता वाटतं, कदाचित पाकिटावर तसं नव्हतंच, मलाच आता काहीतरी आठवतंय. दादा म्हणतो ते खरं असेल. एकदा तो कागद नीट बघते, म्हणजे कळेल माझं कुठं चुकलं."

कपाटात कागद होता. काढून द्यायचा, सही घ्यायची, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही पोर जन्मभर ती डबी मनात पुन्हा पुन्हा भरत बसली असती, आणि मी निवृत्त झाले असते. खरं सांगितलं तर चौकशी पुन्हा उघडेल, नोकरी जाईल, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. पण वर त्या अंधारात माझा आवाज ऐकून आले होते मी. तो पुन्हा ऐकायची ताकद नव्हती.

मी तिला घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेले. कार्ड काढलं आणि समज-पत्रकाशेजारी ठेवलं. "पाकिटावरचंच बरोबर होतं," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. तेरा नंबरच्या बहिऱ्या आजी, माझं ओरडणं, काकूंनी ते उत्तर आपलं समजून पाठ करणं, नापास झालं तर घरी सोडत नाहीत ही माझी थट्टा. कार्ड कुठं लटकत होतं आणि मी कुठं बसले होते, तेही. "दोन पावलं होती," मी म्हणाले. "मी उठले नाही."

तिनं आधी कार्ड वाचलं, मग समज-पत्रक. मग म्हणाली, "समजलं," आणि मान हलवली.

ती मान मी हजारो वेळा पाहिली होती. उठून जायची घाई असलेली, समोरच्याला बरं वाटावं म्हणून हललेली मान.

"थांबा," मी म्हणाले. "काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

तिनं बोट टेबलावर आपटलं. टक.

"आईनं शेजारच्या आजींचं उत्तर पाठ केलं. तिला घरी यायचं होतं म्हणून." ती थांबली. "तुम्ही कार्ड बघितलं नाहीत. मी पाकीट बघितलं होतं, पण तुमच्या मार्कांवर विश्वास ठेवला." तिनं पुन्हा कार्डाकडे बघितलं. "डबी आईनं सांगितली तशीच भरली होती मी. ती माझ्या हातून नाही गेली."

"नाही."

"पुन्हा एकदा म्हणू?"

"म्हणा."

"माझ्या हातून नाही गेली ती." ते तिनं तीनदा म्हटलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. मी समोर बसून राहिले. तिला हात लावायचा अधिकार मला नव्हता.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं. "हे सगळं लिहून द्या," ती म्हणाली. "दादाला वाचता येतं."

मी समज-पत्रक उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलं. तारीख घातली, पूर्ण नावानं सही केली. ती कागद घेऊन लगेच निघेल असं मला वाटलं होतं. ती निघाली नाही. अंगुस्तानाचं बोट एकेका ओळीखाली धरत तिनं तो सावकाश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"यात दोन पावलं राहिली," ती म्हणाली. "ती लिहा."

मी लिहिली.